ओली नळी

मंडळात मला सगळे थर्मामीटर म्हणतात. हे नाव भाऊजींनी पाडलं. ताईचा नवरा म्हणून हसून घेतलं, पण त्या माणसाला मी लग्नापासूनच पाण्यात पाहतो.

आम्ही हौशी रॉकेटवाले. सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर जमतो. माझं काम एकच: घट्ट इंधन भरलेल्या नळीचं तापमान बघायचं आणि चिठ्ठीवर सही करायची. सही नाही तर उड्डाण नाही. त्यात माझा एक नियम आहे, त्यावरून सगळे मला हसतात. नळी उन्हात तापली, तर ती सावलीत आपली आपण निवू द्यायची आणि त्या दिवशी उडवायची नाही. घाईने गार केली की आतलं इंधन तडकतं, आणि तडकलेल्या इंधनाला आग लागली की नळीच फुटते.

त्या दिवशी ताईचं रॉकेट होतं. आठ महिने ओट्यावरची भांडी सरकवून तिने ते बनवलं होतं. नीट वर गेलं तर मोठी रॉकेटं उडवायचा परवाना मिळणार होता, मंडळातल्या पहिल्या बाईला. स्टँड उभारायला ती पहाटेच आली. नळी भाऊजी गाडीतून आणणार होते.

ते आले अकराला, दाढी-कटिंग करून. म्हणजे तितका वेळ गाडी सलूनबाहेर उन्हात. नळी त्यांनी काढली ती कोल्ड्रिंकच्या बाटल्यांमधून, बर्फाच्या पेटीतून; गाडीपाशी तेव्हा मी आणि ताईच होतो.

"घ्या साहेब, बघा ताप," भाऊजी मंडळींत येऊन म्हणाले. "औषध लिहून द्यायला विसरू नका."

सगळे खो खो हसले. मी नळी हातात घेतली तर बोटं ओली झाली. थर्मामीटरवर आकडा अगदी बरोबर आला. येणारच, तापलेली वस्तू बर्फात घातली की गार होता होता ती त्या आकड्यावरून जातेच. बोटं पँटला पुसली. समोर ताई उभी होती.

"ठीक आहे ना रे?"

"एकदम."

मी सही केली. खोटं कशाला बोलू, मला भाऊजींना चारचौघांत तोंडावर पडलेलं बघायचं होतं. उडवताना माणसं दोरीच्या पलीकडे लांब असतात, कुणाला इजा होणार नव्हती. ताईचं रॉकेट माझ्या हिशेबात आलंच नाही.

ते स्टँडवरच फुटलं. आठ महिन्यांचे तुकडे माळभर झाले.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मास्तर. त्यांनी विचारलं, "नळी तापली होती का?"

"हिनेच काल दिवसभर खिडकीत तापवून रात्री फ्रिजमध्ये घातली होती," भाऊजी म्हणाले. पापणीसुद्धा हलली नाही. "सांगून सांगून थकलो मी."

"खोटं आहे," ताई म्हणाली. "नळी बर्फातून काढली. ओली होती. ह्याला विचारा, ह्याने हातात घेतली होती."

मास्तर माझ्याकडे वळले. ओली होती म्हटलं असतं, तर मग सही का केलीस, हा पुढचा प्रश्न होता.

"कोरडी होती," मी म्हणालो.

मास्तरांनी ताईवर दोन वर्षांची बंदी घातली. परवाना तर गेलाच. निष्काळजीपणा एक वेळ चालेल, पण दुसऱ्यावर ढकलणं चालणार नाही, असंही तिला सगळ्यांसमोर सुनावलं. भाऊजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शेवटी आपलाच माणूस कामाला येतो," ते म्हणाले.

ताई तुकडे वेचत वेचत माझ्यापाशी आली. तिने कमरेचा रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"पँटला नको पुसत जाऊस," ती म्हणाली. "डाग दिसतो."

मी खाली पाहिलं. ओल्या ठशांना माळाची धूळ लागलेली, चारही बोटं पँटवर स्पष्ट उमटली होती. मास्तर दोन पावलांवर उभे होते. तिने त्यांना हाक मारली नाही.