भिंतीकडे तोंड केलेला दिवा

मित्रांनो, मी एक जुना, वाकड्या मानेचा टेबलावरचा दिवा आहे आणि स्वभावाने हेवेखोर आहे. दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ती लपणार नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. एकाच दिवशी आम्ही चाळीस भावंडे रंगाच्या पिपात बुडून हिरवीगार होऊन बाहेर आलो. माझी टोपी पत्र्याची, मान गुंडाळलेल्या तारेची आणि बूड इतके जड, की धक्का लागला तरी मी जागचा हलत नसे. ते बूड पाहूनच एका घड्याळजींनी मला विकत घेतले. "हा लटपटणार नाही," ते दुकानदाराला म्हणाले. एवढी स्तुती मला पुढे अनेक वर्षे पुरली.

सकाळी दुकान उघडले की घड्याळजी माझी मान धरून खाली वाकवत. उजेड नेमका कामावर पडला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. मग मी होतो आणि कणीएवढे स्क्रू होते. गिऱ्हाइके विचारत, एवढे बारीक दिसते तरी कसे? आता घड्याळजी माझे नाव घेतील, असे मला दर वेळी वाटे. ते डोळ्याला लावलेले भिंग काढून दाखवत. तेव्हापासून त्या भिंगाशी माझे वाकडे.

संध्याकाळी त्यांची लेक टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यासाला बसे. तिच्या वहीवर सावली आली की ते माझी मान बोटभर तिच्याकडे वळवत आणि स्वतः अर्ध्या उजेडात काम करत. तिच्या ते कधीच लक्षात आले नाही. मला तिचाही हेवा वाटे.

लेक मोठी झाली, तिलाही लेक झाली. गेल्या वर्षी घड्याळजी गेले. तिने तीन दिवसांत दुकान आवरले. हत्यारे दुसऱ्या कारागिराला दिली. भिंग पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले. वर्षभर मी माळ्यावर पडून पर्समधल्या जागेचा विचार करत होतो.

मला खाली आणले ते तिच्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी. तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण तिचे पाय एका जागी ठरत नाहीत. ती ठरते फक्त मॉनिटरपुढे, गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळताना. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून एक संघ झाला होता आणि रविवारी स्पर्धा होती. पण भिंगरीचे डोळे लाल झाले होते. ते चुरचुरत, पाझरत, आणि जेवताना ती कपाळ दाबून बसे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की नंबर नाही. मुलगी पापण्या मिटायला विसरते. गाडी वळणावर आली की दोन दोन मिनिटे हिची पापणी लवत नाही.

घरी आल्यावर आईने एकदाच सांगितले, "रविवारपर्यंत डोळे असेच राहिले तर स्पर्धा नाही. मैत्रिणींना मी फोन करीन."

भिंगरीच्या खोलीत उजेड कमी पडतो, असे आईला वाटले म्हणून ती माळ्यावर चढली. ओल्या फडक्याने तिने मला स्वच्छ पुसले. मानेवर तिच्या वडिलांच्या अंगठ्याने रंग उडाला होता, तिथे ती थांबली. तेवढी जागा पुसली नाही. मग मला टेबलावर ठेवून, वडील करत तशीच, माझी मान कामावर वाकवली. काम म्हणजे आता मॉनिटर.

काय सांगू तुम्हाला! पाटीसारखा चपटा, बूड नावालाही नाही, आणि भिंगरी त्याच्यापुढे नाक टेकवून बसलेली. त्याच्याकडे बघून ती हसे, रुसे, त्याच्याशी बोले. माझ्या उजेडात साऱ्या गावाची घड्याळे दुरुस्त झाली, पण माझ्याकडे असे कुणी कधी पाहिले नव्हते. म्हणून माझा उजेड त्याच्या काचेवर पडला आणि त्याच्या चेहऱ्याच्या मधोमध पांढरा डाग उमटला, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. डाग पुसावा म्हणून भिंगरीने त्याची चमक वाढवली. तो पेटला, मीही मागे हटलो नाही. आम्ही दोघे चार दिवस भांडलो आणि भांडणाची जागा होती तिचे डोळे. ते चार दिवस फार सुखाचे गेले, मित्रांनो. त्याचीच मला आज लाज वाटते.

गुरुवारी सरावात तिची गाडी एकाच वळणावर तीनदा आदळली.

"आई, वळण दिसतच नाही," ती डोळे चोळत म्हणाली. "नुसतं पांढरं दिसतं."

आई फोन घेऊनच आली होती. पण तो लावण्याआधी ती मुलीच्या खुर्चीत बसली आणि समोर बघत राहिली.

"अगं, हा घोळ मीच घातलाय," ती म्हणाली. "कामावर उजेड हवा, ही बाबांची रीत. पण घड्याळाला स्वतःचा उजेड नसतो. ह्याला आहे."

तिने माझी मान धरली. तिचा अंगठा नेमका त्या उडालेल्या रंगावर बसला आणि क्षणभर तिथेच राहिला. मग तिने मला मॉनिटरच्या मागे ठेवले, तोंड भिंतीकडे. भिंत मऊ उजळली. मॉनिटरची चमक तिने भिंतीशी मिळतीजुळती होईपर्यंत उतरवली आणि त्याला हातभर मागे सरकवले. मुलीला तिने सांगितले की आजोबा एक घड्याळ झाले की मान वर करून खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसायचे. विचारले तर म्हणायचे, डोळ्यांना जरा फिरवून आणतो.

टाकीची गोष्ट मी तुमच्यापासून मुद्दाम लपवली होती, मित्रांनो. त्या वेळी ते माझ्या उजेडाकडे पाठ फिरवत, हे मला सांगवत नव्हते.

"प्रत्येक शर्यतीनंतर बघायचं?" भिंगरीने विचारले.

"प्रत्येक."

"हरले तरी?"

"हरलीस तर दोनदा बघ."

पापण्यांचा नियम भिंगरीने स्वतःच काढला. सरळ रस्ता लागला की पापणी मिटायची. वळणावर ते सुचत नाही.

रविवारची स्पर्धा मी पाहिली नाही. माझ्यासमोर भिंत होती आणि भिंतीत एका खिळ्याचे भोक. कानावर गाड्यांची घरघर येई, मग खुर्ची मागे सरके, पावले खिडकीपर्यंत जात, थोडा वेळ काहीच नसे, आणि पावले परत येत. असे सहा वेळा झाले. शेवटी तीन मुली एकदम बोलू लागल्या आणि कळले की संघ दुसरा आला.

आईने निकालाबद्दल काही विचारले नाही. मुलीची हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे केला आणि एकेक डोळा नीट निरखला.

"पांढरे आहेत," ती म्हणाली. "पुढच्या स्पर्धेला नाव द्या."

भिंगरीने आनंदाने उडी मारली, मग बाहीने मॉनिटरची काच पुसली आणि त्याला थोपटले. मला कुणी थोपटले नाही.

मित्रांनो, वेगाचे खेळ जरूर खेळा. पण पापणी मिटत जा, अधूनमधून उठा आणि डोळ्यांना लांब कुठेतरी सोडून या. घरात एखादा जुना दिवा असेल तर त्याच्या टोपीवरची धूळ पुसा आणि त्याला पडद्यामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.