पुलापर्यंतचा परदेश

जर्दाळू उकलताना हात चिकट होतात, म्हणून माझ्या लेकीला, परीसोला, मी छपरावर पायांच्या बेचक्यातच बसवलं होतं. बी टोपलीत, फोडी चटईवर, उन्हात. पलीकडे ओचा, म्हणजे आई, माझी सासू, हातोडीनं बिया फोडत होती. वारा सुटला की पाटाकडची धूळ वर यायची आणि ओचा वाऱ्यालाच शिव्या घालायची.

खाली अंगणात माझा नवरा हैरुल्लो नुसता बसून होता. असा बसलेला मी त्याला लग्नापासून पाहिला नव्हता.

"ओचा, झाडावर चढू का? निम्मं झाड लगडलंय अजून," तो खालून म्हणाला.

"खबरदार! तू गेलायस. गेलेल्या मानसानं झाडाला हात लावायचा न्हाई."

भिंतीपलीकडून शेजारची गुलअफजो मावशी खिदळली. "आरं हैरुल्लो, मग तुला चहा पाजू का तुझ्या नावानं रडू, ते तरी सांग!"

हसण्यासारखंच होतं ते. परवा सकाळी हैरुल्लो रशियाला निघाला होता, बांधकामावर. ओचानं ताजा गोल नान पुढे धरला, त्यानं एक घास तोडून खाल्ला, आणि उरलेला नान तिनं मोठ्या खोलीत खिळ्याला टांगला. माणूस परत आला की त्यानंच तो संपवायचा. तोवर नान त्याची वाट बघतो. गावात ज्या घरी नान टांगलेला नाही, त्या घरी पुरुषच नाही असं समजावं. पण ओचानं घाई केली. गाडी दारात यायच्या आधीच घास खायला लावला. आणि त्यानं उंबऱ्याबाहेर पाय टाकायच्या आत ड्रायव्हर अस्लिद्दीनचा फोन आला: तिकडच्या विमानतळावर ड्रोन आलेत, विमानं बंद, परवा दुपारी नेतो.

तेव्हापासून नान खिळ्यावर आणि माणूस नानाखाली. ओचा त्याला पाहुण्याच्या ताटात वाढायची. मला मात्र त्या दोन दिवसांनी घाबरायला सवड दिली. दुकानात बायका बोलत होत्या, की तिकडे उतरल्या उतरल्या आपल्या माणसांना एका खोलीत उभं करतात, पुढे सहीसाठी फौजेचा कागद सरकवतात. विटा रचायला गेलेला एकजण आता लढाईवर खंदक खणतो म्हणे. मी पीठ न घेताच घरी आले होते. तंदूरपाशी हैरुल्लोला गाठून म्हणाले होते, "जाऊ नगा."

"आन खायचं काय? जर्दाळूचा ट्रकवाला यंदा फिरकला न्हाई. तिकडचा रुबल पडला, तर म्हनतो माल कोन घेनार? उत्तरंकडनं गव्हाला बंदी, पीठ बघ कुटं चढलंय. थोरामोठ्यांचं वाजलंय तिकडं, आन परात हितं रिकामी पडतीय."

"रिकामी पडू द्या. तिच्याफुडं तुमी बसलेलं असलात म्हंजी झालं."

"उगं भितीस. हिकमतच्या खोलीवर उतरायचंय मला. त्याला कुटं काय झालंय?"

हिकमत म्हणजे गुलअफजो मावशीचा मुलगा. ओचानंही ऐकलं होतं सगळं. "घास तोडलाय त्यानं, सूनबाई," एवढंच म्हणाली. "नानाला खोटं पाडायचं नसतं."

आता ऊन माथ्यावर आलं होतं. अस्लिद्दीन कधीही येईल. पलीकडे मावशीचा फोन वाजला. तिचं "कोन? कोन बोलतंय?" ऐकू आलं आणि मग काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं ती आमच्या शिडीवरून वर आली. अनवाणी. डोक्याला रुमाल नाही. मावशीला उघड्या डोक्यानं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"हिकमत हुता," ती ओचाला म्हणाली. "नंबर दुसऱ्याच कुनाचा. म्हनला, आई, माझा नान हाय का? मी म्हनलं, हाय की, फडक्यात गुंडाळून खिळ्याला टांगलाय. तर म्हनला, उंदीर लागू देऊ नगंस. घरं बांधत न्हाई म्हनला आता. मातीत ऱ्हातोय. आन म्हनला, हैरुल्लोला सांग..."

"काय सांग?"

"तुटला फोन."

ओचानं हातोडी खाली ठेवली. शिडी उतरली आणि अंगणात जाऊन हैरुल्लोपुढे उभी राहिली.

"बॅग उचल. नीघ."

"ओचा!" मी वरून ओरडले. परीसो दचकून रडायला लागली.

"वरडू नगं. हैरुल्लो, पुलापत्तुर जायाचं. पूल वलांडायचा आन माघारी फिरायचं. दारात येऊन हाक मारायची. किती लांब जायाचं, ते काय नानानं सांगितलंय व्हय? गावाच्या भाईर गेलास म्हंजी गेलास, आलास म्हंजी आलास."

"ओचा, पर पीठ..."

"पिठाचं मी बघीन. चल, हाल!"

तो गेला. मी परीसोला उराशी धरून छपराच्या कडेला उभी राहिले. गल्ली, तुतीची झाडं, मग पूल. हैरुल्लो पुलावर पोचला आणि तेवढ्यात पलीकडून धूळ उडवत अस्लिद्दीनची गाडी आली. त्याच्याजवळच थांबली. दार उघडलं.

हैरुल्लो वाकला. आत बोलत होता. बॅग हातातच होती. मी हाक मारली नाही. एवढ्या लांब पोचली नसती, आणि ती न पोचलेली हाक मला जन्मभर ऐकू आली असती. माझी चिकट बोटं परीसोच्या केसांत अडकली होती, तरी ते लेकरू रडायचं थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिलं.

दार लागलं. गाडी वळली. इतकी धूळ उठली की पूलच दिसेना. ती खाली बसली तेव्हा पुलावर कुणी नव्हतं.

मी तिथंच जर्दाळूंवर बसले.

मग तुतींच्या आडून बॅग दिसली. बॅगेमागून तो.

ओचानं दार मुद्दाम लावून घेतलं होतं. त्यानं बाहेरून हाक मारली, "ओचा! मी आलोय!" तिनं दार उघडलं, त्याचं डोकं हातांत घेतलं आणि खरोखरच्या आलेल्याला विचारावं तसं विचारलं,

"वाट कशी हुती?"

"लांब हुती, ओचा," तो म्हणाला.

नान दोन दिवसांत वाळून टणक झाला होता. ओचानं तो खारट दूध-चहात कुस्करला. परीसोनं वाडग्याकडे हात नेला तेव्हा तिनं तो चिमुकला हात हळूच धरला. "ह्यो न्हाई माझे बाई. ह्यो तुझ्या बाबाचाच." हैरुल्लो शेवटच्या कणापर्यंत खात राहिला आणि आम्ही तिघी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. हिवाळ्यात काय खाणार, ते कुणी बोललं नाही. छपरावरचे न विकलेले जर्दाळू तेवढे होते.

मग ओचानं वरून हातोडी आणवली. खिळा इकडून तिकडून ठोकून सैल केला आणि उपटून काढला. भोकात हैरुल्लोनं ओली माती भरली.

गुलअफजो मावशी इतका वेळ दारातच उभी होती. आता तिनं डोक्याला ओचाचाच एक रुमाल बांधला होता.

"ती हातोडी देतीस का जरा?" ती म्हणाली. "माझा खिळा ढिला झालाय. पक्का बसवते."

ओचानं हातोडी दिली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून ठोके ऐकू यायला लागले. खिळा कधीच आत गेला असेल, तरी ते थांबेनात. परीसो माझ्या मांडीवर झोपेत दर ठोक्याला दचकत होती, आणि मी तिच्या कानावर हात धरून बसले होते.