जावेची फाइल

काचघरांची ऊब सांभाळणारी कॉम्प्युटरची स्क्रिप्ट थोरल्या सुनेने लिहिली, तेव्हा घरात कुणालाच त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सासऱ्यांची रोपवाटिका होती. प्रत्येक काचघरात वेगळी रोपं आणि प्रत्येकाचं तापमान वेगळं. पूर्वी हीटरची बटणं फिरवायला अख्खं घर धावायचं. थोरलीने पुस्तकं वाचून, चुकतमाकत, एक स्क्रिप्ट उभी केली. ती रोज सकाळी आपोआप चालायची आणि प्रत्येक काचघराचा हीटर लावून द्यायची. सगळे आकडे मात्र स्क्रिप्टच्या पोटात, कुठे कुठे पेरलेले. एक आकडा बदलायचा झाला तरी थोरलीलाच हाक मारावी लागे.

तिला ती हाक आवडायची. साबणाचे हात पदराला पुसत ती ऑफिसात यायची आणि म्हणायची, "काय बाई, माझ्यावाचून पान हलत नाही तुमचं!" म्हातारा माळी हसायचा, सासरे खुर्ची रिकामी करून द्यायचे.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. धाकटी जाऊ हेच काम शिकून आलेली. तिने एकदा स्क्रिप्ट उघडून पाहिली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "ताई, हे आकडे वेगळ्या फाइलमध्ये काढू या का? एका ओळीवर काचघराचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि पुढे तापमान. स्क्रिप्ट ती फाइल वाचेल आणि अ‍ॅरेमध्ये, म्हणजे क्रमवार यादीत, भरून घेईल. मग कुणालाही बदल करता येईल."

"बघ की, जमत असेल तर," थोरली म्हणाली. जमू नये असं तिला मनापासून वाटत होतं.

पण जमलं. माळी स्वतः फाइल उघडून आकडे बदलू लागला. सासऱ्यांनी जेवताना तोंडभर कौतुक केलं. "बरं झालं, आता थोरलीला उठसूट त्रास द्यायला नको."

त्रास! तो शब्द थोरलीच्या जिव्हारी लागला. त्यानंतर ऑफिसातून हाक येणं बंदच झालं. धाकटीचं हसणं, धाकटीचा चष्मा, तिने टेबलावर ठेवलेला पेला, सगळंच तिच्या डोळ्यांत खुपायला लागलं. नवऱ्यापाशी कुरकुर केली तर तो म्हणाला, "अगं, आयती सुटका झाली की तुझी!" त्याच्याशीही ती दिवसभर बोलली नाही.

एकदा ऑफिसात कुणी नाही असं बघून तिने धाकटीची स्क्रिप्ट उघडली. खोट काढायचीच होती, आणि खोट सापडली. धाकटीने दोन अ‍ॅरे केले होते, एकात काचघरांची नावं, दुसऱ्यात तापमानं. पहिल्या नावाला पहिलं तापमान, दुसऱ्याला दुसरं. पण एखाद्या ओळीत आकडाच नसला, तर नाव आत जायचं आणि रिकामी जागा गाळली जायची. मग पुढची सगळी तापमानं एकेक घर वर सरकणार. थोरलीला आतून आनंदाची उकळी फुटली. तिने स्क्रिप्ट बंद केली आणि अवाक्षर काढलं नाही.

पुढे कलमांच्या काचघराची काच फुटली. दुरुस्तीसाठी ते रिकामं केलं आणि माळ्याने संध्याकाळी फाइलमधला त्याचा आकडा पुसला. थोरलीने येताजाता ते पाहिलं. फाइलमध्ये कलमांच्या ओळीखाली नेचे होते, नेच्यांच्या खाली निवडुंग. निवडुंगाची ऊब उद्या नेच्यांना मिळणार हे तिला लख्ख कळलं. 'पडू दे उघडी,' असं मनाशी म्हणून ती घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माळ्याची हाक ऐकू आली. नेच्यांची पानं करपून लोंबत होती. बीजाणूंपासून त्याने स्वतः वाढवलेली रोपं होती ती. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीही तो त्यांना बघायला यायचा.

"चांगलं चाललं होतं, कशाला हात लावलास?" सासरे धाकटीवर कडाडले. हे वाक्य ऐकायला थोरली किती दिवस कान टवकारून बसली होती! आता ऐकलं, आणि तिला कसलंच सुख झालं नाही.

धाकटी स्क्रीनसमोर रडवेली होऊन बसली होती. "ताई, फाइलमधले आकडे तर बरोबर आहेत. मग नेच्यांना एवढी ऊब मिळालीच कशी?"

थोरलीने कलमांच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे आकडा नाही. खालची तापमानं वर सरकली."

धाकटी बघतच राहिली. "तुम्हाला एवढ्या पटकन कसं दिसलं?"

"आत्ता नाही. काल संध्याकाळीच दिसलं होतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"नाही. तुझा उदोउदो चालला होता ना, तो बघवत नव्हता मला."

धाकटीने चष्मा काढून डोळे पुसले. "बाबा मला बोलले, ते राहू दे. पण माळीकाकांना तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही."

थोरली गेली. माळी करपलेली पानं कापत होता. तिने सगळं सांगितलं, एक शब्दही न लपवता. तो थांबला नाही, वरही बघितलं नाही. "तुमचं जे काय ते तुमच्या जावेशी," तो म्हणाला. "माझ्या झाडांनी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

सासऱ्यांनाही तिनेच सांगितलं. ते नुसते उठून बाहेर गेले.

धाकटीने स्क्रिप्ट दुरुस्त केली. आता एकच अ‍ॅरे, आणि प्रत्येक तापमान आपल्या काचघराच्या नावालाच बांधलेलं. आकडा नसला तर स्क्रिप्ट काहीही न बदलता थांबायची आणि माळ्याला निरोप द्यायची. बरेच दिवस दोघी कामापुरतंच बोलत होत्या. मग धाकटीनेच तिला बोलावलं. "वाचा. काही राहिलं असेल तर आत्ता सांगा, नंतर नको."

थोरलीने ओळ न ओळ वाचली. आकडा चुकीचा लिहिला तर? नाव दोनदा आलं तर? सगळ्याचा विचार धाकटीने केला होता. खोट नव्हती, आणि खोट नसल्याचाच तिला राग आला.

"छान झालंय," ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणात सासऱ्यांनी पुन्हा धाकटीचं कौतुक केलं. थोरलीच्या पोटात पूर्वीसारखंच दुखलं. मान खाली घालून ती जेवली. सकाळी उठून नेच्यांच्या काचघरात गेली आणि मेलेल्या रोपांच्या कुंड्या घासायला बसली. थोड्या वेळाने माळ्याने पाण्याची बादली तिच्या बाजूला सरकवली.