आय कम, मॅडम

२००४ साली दिनेशरावांच्या कंपनीने त्यांना तीन वर्षांसाठी दार-ए-सलामला पाठवायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला, एक मी सोडून. दिनेशराव म्हणजे माझे यजमान, सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. मी मोहिनी. सिडकोतल्या मराठी शाळेत गणित शिकवायची. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं राबून नुकतीच कुठे कायम झाले होते. ते सगळं सोडून आफ्रिकेतल्या फ्लॅटमध्ये भेंडी चिरत नवऱ्याची वाट बघायची, हे मला जमणारं नव्हतं. मी स्वच्छ सांगून टाकलं, तिकडे गणित शिकवायला मिळणार असेल तरच निघायचं, नाहीतर तुम्ही व्हा पुढे.

सांगितलं खरं, पण तीन वर्षं एकटीने काढायची माझीही तयारी नव्हती. दिनेशरावांचा चेहराही उतरला होता. मग आम्ही दोघांनी सायबर कॅफेत बसून तिथल्या तीन इंटरनॅशनल शाळांना अर्ज धाडले. दोन शाळांनी उत्तरच दिलं नाही. तिसरीने विचारलं, नवऱ्याचा करार किती वर्षांचा आणि राहायला घर कोण देणार. नोकरी मला हवी होती की नवऱ्याला, हेच मला कळेना. नंतर उलगडा झाला. नवऱ्यामागून आलेल्या बायका अशा शाळांना फार आवडतात. घर आणि तिकीट नवऱ्याच्या कंपनीचं, शाळेला शिक्षिका आयती.

मुलाखत फोनवर होती, दुपारची. सासूने त्यासाठी तिची मालिका बंद केली. घोटीच्या बाजारात उभं आयुष्य तांदूळ विकलेली ही बाई, कुणासाठी टीव्ही बंद करत नाही. फोनशेजारी पाट मांडून बसली. दिनेशरावही अर्धी रजा टाकून घरी थांबले होते.

शाळेच्या मुख्याध्यापिका मिसेस टर्नर चांगल्या बोलल्या. अपूर्णांक कसे शिकवाल, असं विचारलं. मी भाकरी, अर्धी, चतकोर असं सगळं सांगितलं आणि त्यांना ते आवडलंसुद्धा. मग हळूच म्हणाल्या की गणिताची जागा इंग्लंडहून येणाऱ्या एकाला दिली आहे, पण बालवर्गात मदतनीस हवी आहे. बुटाच्या नाड्या बांधायच्या, रंगीत कागद कापायचे, मुलांचे हात धुवायचे. विचार करून कळवा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विचार कसला करायचा, नकोच होतं मला ते. पण कुणाच्या तोंडावर फोन आपटायचे संस्कार नाहीत ना. आमच्या घरी निघताना ‘जाते’ म्हटलं की आई पाठीत धपाटा घालायची. ‘येते’ म्हणायचं. फोन ठेवतानाही माझ्या तोंडी तेच येतं, आणि त्या रागात त्याचं इंग्रजी आलं.

“थँक यू, मॅडम. देन आय कम.”

तिकडून आनंदाचा चीत्कार ऐकू आला. छानच, आम्ही वाट बघतो, म्हणून मिसेस टर्नरनी फोन ठेवला.

मी काय बोलून बसले ते दिनेशरावांनी मला समजावलं, आणि समजावताना त्यांचं हसू काही लपेना. संध्याकाळपर्यंत तीन घरांत पेढे पोचले. सासूने घोटीला बहिणीला फोन लावला. “आमची मोहिनी आफ्रिकेत मास्तरीण झाली. लय मोठी शाळा हाय म्हणं.”

दिनेशरावांचं म्हणणं, आता तोंडातून गेलंच आहे तर असू दे, तिकडे पोचल्यावर बघू. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. बी.एड. काय मी लोकांच्या पोरांची नाकं पुसायला केलं? त्यात खरं दुखणं हे की मला त्यांच्याबरोबर जायचं होतं. नको होतं ते फक्त मदतनीस होऊन जाणं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच एसटीडी बूथमध्ये शिरले आणि मिसेस टर्नरना फोन लावला. म्हटलं, मॅडम, गैरसमज झालाय, मी येत नाहीये. त्या गोंधळल्या. तुम्हीच तर येते म्हणालात! मग मी वर्गात सांगते तसं पहिल्यापासून सुरू केलं. आमच्याकडे ‘गेला’ म्हणजे कायमचा गेला. म्हणून उठून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. म्हणजे पुन्हा येईन. तेव्हा मी येते म्हटलं की समजायचं, मी चालले.

मग त्यांनी विचारलं, “आणि यायचंच नसेल तर काय म्हणता?”

“बघू म्हणतो.”

त्या इतक्या हसल्या की बूथवाला माझ्याकडे बघायला लागला. हसू ओसरल्यावर त्यांनी त्यांची अडचण सांगितली. सहावीत कोरियाची, मोझांबिकची, नॉर्वेची मुलं नवीन आलेली. गणित येतं, पण प्रश्नाचं इंग्रजी कळत नाही, म्हणून मागे पडतात. शब्द अडला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणाल्या, आणि समजावताही येतं. त्या मुलांचं गणित घ्याल का? पहिलं सत्र बघू, मग पुढचं.

त्यांच्या तोंडचं ‘बघू’ ऐकून मी सावध झाले. शिक्षिका म्हणून ना, मदतनीस नाही ना, फळ्यासमोर मीच ना, असं तीनदा विचारून घेतलं. तिन्ही वेळा हो म्हणाल्या. मग मी जपून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की मला मान्य आहे.

त्या वेळापत्रक लिहायला बसल्या होत्या बहुतेक. मुलांनी तुम्हाला काय म्हणायचं, असं विचारलं. तिकडे म्हणे मिस अमुक, मिस तमुक अशी पद्धत आहे. मी म्हटलं, मला मुलं नुसतं ‘बाई’ म्हणतात.

“बाय? थांबा, अजून आपलं बोलणं संपलं नाही.”

“नाही मॅडम,” मी म्हटलं, “बाई म्हणजे टीचर.” आणि त्या बूथमध्ये उभ्या उभ्या मला रडू फुटलं.