सर्वज्ञ काय वाचतो

२०१६ सालचा एक रविवार. आयर्लंडमधल्या ॲथलोन गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये भरदुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. आयटीतले, हॉस्पिटलातले, चांगले शिकलेसवरलेले मराठी लोक मांडी घालून भिंतीवरच्या पडद्याला हात जोडून बसले होते. पडद्यावर ‘सर्वज्ञ’ होता. हा संगणक म्हणे अहोरात्र इंटरनेट वाचतो, आपलं आपण ज्ञान मिळवतो आणि प्रत्येक गोष्टीपुढे खात्रीचा आकडा मांडतो.

त्याचे कर्तेकरविते हेमचंद्रजी माइकवरून सांगत होते की डॉक्टर चुकतात, यंत्राला मात्र ना लोभ ना अहंकार. मग त्यांनी विचारलं, मुलांचा मधुमेह आपल्या काढ्याने जातो का? पडद्यावर उमटलं: जातो. खात्री सत्त्याण्णव टक्के. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी जवळच्याच मलिंगार गावात मुलांची डॉक्टर. माझ्या शेजारी राहणारी सुचित्रा नऊ वर्षांच्या रेवाला घेऊन तिथे बसली होती. रेवाच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही. कालपासून इंजेक्शनं बंद केल्याचं सुचित्राने मला आत्ता सांगितलं. रेवा पाण्याची तिसरी बाटली मागत होती, तिचा श्वास जोरात चालला होता. मी सुचित्राचा हात धरून ओढलं, पण ती उठेना.

“चार वर्षं मीच टोचतेय हो तिला, ताई. रोज. आता हात उचलत नाही. यंत्र कशाला खोटं बोलेल?”

मी तरातरा पुढे गेले आणि हे कुठे वाचलं ते दाखवा म्हणाले. ज्ञानाचं मूळ विचारू नये, असं हेमचंद्रजी गोड हसून म्हणाले. पण आकड्याखालीच सर्वज्ञने वाचलेल्या इंटरनेटवरच्या पानांची यादी होती. मी त्यातलं पहिलं पान उघडून मोठ्याने वाचलं: ‘मलिंगारच्या माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची साखर अकरा दिवसांत कायमची गेली.’

रेवाने मान वर करून आईकडे पाहिलं. “मॅम, दॅट्स मी. यू रोट दॅट. बट आयम नॉट बेटर.”

संकल्प लिहायचा तो फळ मिळाल्यासारखाच, आणि प्रत्येकाने इंटरनेटच्या अकरा पानांवर, ही हेमचंद्रजींनी सांगितलेली सेवा होती. समोरच्या सगळ्यांनी ती केली होती. यंत्राने ते सारं इमानेइतबारे वाचलं. जे जास्त पानांवर ते जास्त खरं, एवढंच त्याला शिकवलेलं. लोक आपल्याच नवसांना हात जोडून बसले होते.

“श्रद्धा कमी पडली,” हेमचंद्रजी म्हणाले. तोवर सुचित्रा लेकीला उचलून दाराकडे धावत सुटली होती.

रेवा चार दिवस अतिदक्षता विभागात होती. वाचली, पण थोडक्यात. तिच्या उशाशी बसून सुचित्राने आपली अकराच्या अकरा पानं पुसून टाकली. तरीही सर्वज्ञ सांगतच राहिला की मलिंगारची मुलगी बरी झाली, कारण तिच्या ओळी इतरांनी उतरवून घेतल्या होत्या.

वाचकहो, माणूस असो की यंत्र, कुणी खात्रीने काही सांगितलं तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे प्रत्यक्ष कुणी पाहिलं? आमच्या हॉलमध्ये ते कुणीच पाहिलं नव्हतं, हे एका आजारी पोरीला सांगावं लागलं.