बटणांचं खोटं दुकान

सासरे चाळीस वर्षं बटणं विकत होते आणि गेली पाच वर्षं इंटरनेटवरही विकत होते. साइट सांभाळायचा त्यांचा जावई. त्याने तिला नवा मुखडा द्यायचं ठरवलं, तेव्हा सासरे म्हणाले, "करा. पण मागच्या सुधारणेत तीन दिवस दुकान बंद पडलं होतं. या वेळी एका जरी गिऱ्हाइकाला त्रास झाला, तर साइट दुसऱ्याकडे देईन."

दुधाने तोंड पोळलेला जावई ताक फुंकून प्यायला बसला. त्याने खऱ्या दुकानाची हुबेहूब नक्कल, म्हणजे स्टेजिंग सर्व्हर, उभी केली. तीच बटणं, तीच गिऱ्हाइकं, त्यांच्या त्याच ऑर्डरी. "हे खोटं दुकान. यात काहीही मोडा, बाहेर कुणाला कळणार नाही," तो छाती फुगवून म्हणाला.

"काहीही?" सासऱ्यांनी चष्मा पुसला.

गिऱ्हाईक म्हणेल ते बरोबर, असं म्हणत जन्मभर शब्द गिळलेला माणूस तो. त्यांनी सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाची, शिंपीदादांची, ऑर्डर उघडली, रद्द केली आणि कारणाच्या चौकोनात एका बोटाने सावकाश लिहिलं: 'काजं तुम्ही लहान करता आणि बटणं मोठी म्हणून परत पाठवता. आधी फूटपट्टी घ्या.' मग खुशीत चहा मागवला.

चहा यायच्या आत फोन वाजला. शिंपीदादांचं नाव बघताच जावयाला आपली चूक कळली. नक्कल करताना त्याने ऑर्डर रद्द झाली की गिऱ्हाइकाला आपोआप मेल पाठवणारा भागही उतरवला होता आणि शहाणा नेमका तोच बंद करायला विसरला होता. खोट्या दुकानातलं पत्र खऱ्या शिंप्याला पोचलं होतं. आता शिंपीदादा गेले आणि साइटही गेली.

"हो, मीच लिहिलं," सासरे फोनवर म्हणाले. मग बराच वेळ नुसतं "हं, हं" चाललं. शेवटी त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?" जावयाने विचारलं.

"काजं मोजली म्हणाले. लहानच निघाली. इतकी वर्षं का नाही बोललात, म्हणून रागावलेत."

जावयाच्या जिवात जीव आला. मेल बंद करायला त्याने माउसकडे हात नेला, तर सासऱ्यांनी मनगटच धरलं.

"साइट तुमच्याकडेच राहू द्या, जावईबापू. पण हे आज बंद करू नका. अजून चौघांना लिहायचंय."