आडवा वारा आणि मामाचे पाय

मास्तरांचा भाचीवर भारी जीव. दोन माणसांची छोटी विमानं शिकवण्यात त्यांची हयात गेली. शिकायला येणाऱ्यांना ते असं फाडून खायचे की भलेभले रडकुंडीला यायचे. पण बहिणीची पोर, छबी, शिकायला आली आणि वाघाचं मांजर झालं.

त्या विमानात पायाशी पेडलच्या दोन जोड्या असतात. एक शिकणाऱ्याची, एक मास्तरांची, आणि दोन्ही एकमेकींना जोडलेल्या. वारा आडवा असला की विमान तिरकं तोंड करून खाली येतं. चाकं टेकायच्या अगदी आधी पेडल दाबून नाक सरळ करावं लागतं. चुकलं, की विमान धावपट्टी सोडून पळालंच म्हणून समजा. बाकीच्यांना मास्तर चुकू देत, आपटू देत, वर शिव्या देत. छबीच्या वेळी मात्र त्यांचाच पाय हळूच पुढे जायचा. विमान अलगद टेकायचं आणि ती ओरडायची, "मामा, जमलं!"

"जमणारच! भाची कुणाची?"

कँटीनमध्ये तर सांगत सुटायचे, पोरीचे पाय पाळण्यातच दिसले होते म्हणून. आता काय म्हणावं या माणसाला! रोज ठरवायचे, उद्यापासून आपले पाय मागे. पण बहिणीचा चेहरा आठवायचा, आणि तो उद्या काही उजाडायचा नाही.

मग एक दिवस मास्तरांनीच तिला विमान घेऊन एकटीला सोडलं. निघताना झाडाचं पान हलत नव्हतं. परत येईतो वारा सुटला, तोही आडवा. मास्तर कुंपणाशी उभे. विमान तिरकंच खाली येत होतं.

"पाय! अगं, पाय दाब!" ते ओरडले, आणि स्वतःच बूट मातीत दाबत राहिले. चाकं तिरकी टेकली. विमान गर्रकन वळलं, गवतात घुसलं आणि एका पंखावर कलंडलं.

जिवावरचं खांद्याच्या हाडावर निभावलं. हॉस्पिटलमध्ये बहीण म्हणाली, "दादा, तू शिकवलंस म्हणून वाचली रे." मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बहीण औषधं आणायला गेली तशी छबी म्हणाली, "मामा, मी नाक सरळ व्हायची वाट बघत होते. नेहमी आपोआप व्हायचं ना." मग तिनं विचारलं, "ते तू करायचास?"

"हो गं."

"का रे?"

"राहवायचं नाही मला. वाटायचं, तुला लागेल."

छबी म्हणाली, "खांदा बरा झाला की मी परत शिकणार आहे. पहिल्यापासून."

मास्तरांचा चेहरा उजळला. "मी आहे ना! आता पाय पुढे आणीन तर तुझी शपथ!"

"तुझ्याकडे नाही, मामा. रागावले नाहीये रे. पण मी शेजारी असले की तुला राहवायचं नाही. दुसऱ्या कुणाकडे जाऊ, तेवढं सांग."

विमानतळावर विमानं शिकवणाऱ्या दुसऱ्या एका माणसाशी मास्तरांचा छत्तीसचा आकडा होता. वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं.

"त्या टकल्याकडे जा," ते म्हणाले. "फार ओरडतो लेकाचा. पण पाय मागे ठेवतो."